थंडी विकणे आहे

आमच्या भागात थंडीला कुणी गुलाबी म्हणत नाही. रावेर तालुक्यात केळी लावलेल्या माणसाला पारा दहाच्या खाली गेला की झोप लागत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते, घड बाहेर पडता पडता अडकतो. याला ‘चरका बसणं’ म्हणतात आणि तो केळीइतकाच केळीवाल्यालाही बसतो. मग रात्री दोनला उठायचं, बांधावर पालापाचोळा पेटवून बागेत धूर करायचा, वीज असेल तर मोटार चालू करून विहिरीचं कोमट पाणी सोडायचं आणि सकाळी लाल डोळ्यांनी एकमेकांना विचारायचं, “तुमच्याकडे किती होतं?”

अशा घरात मी एका संध्याकाळी जाहीर केलं, की मला हिमालयात, औलीला, एका हिवाळ्यापुरती नोकरी लागली आहे.

“तिथं काय आहे?” बाबांनी विचारलं.

“थंडी.”

“मग लोक तिथून निघून येत असतील.”

“नाही, तिथं जातात. पैसे देऊन.”

आईनं भाकरी थापायची थांबवली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग अगदी हिशेबी आवाजात म्हणाले, “आपली का नाही नेत?”

औली म्हणजे उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या बरोब्बर डोक्यावर असलेला एक उतार. स्की रिसॉर्ट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर यश चोप्रांचं स्वित्झर्लंड होतं. प्रत्यक्षात अडीच ते तीन हजार मीटरच्या मध्ये एक मोठं तिरकं कुरण, त्याच्यावरून जाणारी आठशे मीटरची चेअरलिफ्ट, देवदाराची झाडं, मोजकी हॉटेलं, कोट आणि गमबूट भाड्यानं देणारी दुकानं आणि मॅगीच्या टपऱ्या. समोर मात्र 7816 मीटरची नंदादेवी. एवढं मोठं शिखर एवढ्याशा गावासमोर म्हणजे तलाठी कार्यालयात राष्ट्रपती येऊन बसल्यासारखं वाटतं. कुठे बघावं तेच कळत नाही.

ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर. नकाशात. रस्त्यावर तो अख्खा दिवस असतो, आणि त्यातला अर्धा दिवस आपण खिडकीतून खाली अलकनंदेकडे न बघण्याचा प्रयत्न करत असतो. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कुठे निघालास म्हणून विचारलं. औली म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. म्हणाले, नोव्हेंबरात बद्रीनाथाची कवाडं बंद होतात, शंकराचार्यांची गादी खाली जोशीमठला नृसिंह मंदिरात येते, उद्धवजी पांडुकेश्वरला येतात. “भगवान भी नीचे आ जाते हैं, बेटा. तुम ऊपर जा रहे हो.” एवढं बोलून ते झोपले. मी मात्र थेट जोशीमठपर्यंत जागा होतो.

हॉटेल बावीस खोल्यांचं. मालकांना सगळे भैजी म्हणायचे, म्हणजे गढवालीत थोरले भाऊ. आणि ते धाकट्या सगळ्यांना ‘भुला’ म्हणायचे. ऐकायला सुरुवातीला जरा चमत्कारिक वाटायचं, कारण मी खरंच रोज काही ना काही विसरायचो. माझी मुलाखत फोनवर झाली होती.

“मराठी आती है?”

“मातृभाषा है.”

“बस, हो गया. आधे मेहमान तुम्हारे उधर के होते हैं. और सुबह छह बजे से कुछ कहते रहते हैं.”

माझं पद ‘गेस्ट रिलेशन्स’ होतं. खरं काम होतं बर्फाचा जामीनदार. बर्फ पडला की श्रेय नंदादेवीला, नाही पडला की जाब मला.

हंगाम साधारण डिसेंबरअखेर सुरू होतो आणि मार्चच्या मध्यात आटपतो. मी पोचलो तेव्हा उतार तपकिरी होता. वाळलेलं गवत, त्यावर दोन घोडे, आणि टोकाला सावलीत एक मळकट पांढरा पट्टा. पहिला मराठी ग्रुप आला तो छत्तीस जणांचा. गाडीतून उतरताच पुढचे काका थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “अहो, बर्फ कुठेय?”

हा प्रश्न मला त्या हिवाळ्यात किती वेळा विचारला गेला याची मोजदाद नाही, पण त्याचे प्रकार मला पाठ आहेत. एक असतो चौकशीचा: “पडेल ना?” एक असतो ग्राहक मंचाचा: “फोटोत तर होता.” एक असतो दाक्षिण्याचा: “नाही म्हणजे, थोडासा असला तरी चालेल.” आणि एक असतो संशयाचा, हा बहुतेक काकू विचारतात, आवाज खाली आणून: “तुमच्या मालकांना माहीत होतं का हो आधी?” जणू बर्फ स्टोअररूममध्ये आहे आणि भैजींनी तो गुजराती ग्रुपसाठी राखून ठेवलाय.

मी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना “उद्या” सांगत असे. ही चूक होती. स्वयंपाकघरातल्या दीदींनी मला बाजूला घेतलं. त्या वीस वर्षं हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, तारीख द्यायची नाही. कुणी विचारलं तर आधी आकाशाकडे बघायचं, मग डोंगराकडे, मग हातातलं काम पुन्हा सुरू करायचं आणि म्हणायचं, “होगा. जब होगा, तब होगा.” मी करून पाहिलं. लोक चक्क समाधानी होऊन जात. नंतर आठवलं, जून महिन्यात पारावर बसलेली आमच्या गावची म्हातारी माणसं पावसाबद्दल अगदी असंच बोलतात. मी उगाच हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला.

आणखी एक अडचण भाषेची होती. मराठीत बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, गोळ्यावरचा, लादीवरून भुश्यात गुंडाळून आणलेला. ढगातून पडतो तोही बर्फच. हिम हा शब्द आपण भूगोलाच्या पुस्तकात ठेवलाय आणि परीक्षेनंतर काढलेला नाही. त्यामुळे येणाऱ्याच्या मनात गोळेवाल्याचा बर्फ असतो. सावलीतल्या त्या मळक्या पट्ट्यावर एका आठ वर्षांच्या मुलाला नेलं, त्यानं तो बोटानं दाबून पाहिला आणि मला विचारलं, “काका, कालाखट्टा आहे का?” त्या दिवशी मला आलेला हा एकमेव रास्त प्रश्न.

एका इंजिनियर काकांनी मात्र मला खिंडीत गाठलं. 2011 च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा डेहराडून आणि औलीत झाल्या. त्यांच्यासाठी इथं कृत्रिम बर्फाची यंत्रं आली, पाण्यासाठी तळं बांधलं गेलं. हे सगळं काका घरून वाचून आले होते.

“तळं आहे ना?”

“आहे.”

“मशीन आहेत ना?”

“आहेत.”

“मग लावा की.”

मी त्यांना समजावलं, की ते यंत्र बर्फ बनवत नाही, पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतं. त्यांचा बर्फ हवेनं करायचा असतो आणि त्यासाठी पारा शून्याच्याही खाली उतरावा लागतो. हवेनं मनावर घेतलं नाही, तर ते नुसतं तुषार सिंचन. आमच्या केळीला चालेल, पण वर घसरता येणार नाही. काका क्षणभर थांबले. “म्हणजे थंडी असेल तरच थंडीचं मशीन चालतं?” हो म्हटल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक माझं नाव.

बर्फ नसला तरी थंडी भरपूर असायची, आणि खरी नोकरी तिचीच होती. रात्री प्रत्येक खोलीत जाऊन विनंती करायची, की नळ पूर्ण बंद करू नका, थेंब थेंब चालू ठेवा. चालतं पाणी गोठत नाही, थांबलेलं गोठतं आणि मग पाइप फुटतो. आता, नळ गळता ठेवा हे मराठी माणसाला सांगून बघा. आपल्याला लहानपणापासून नळ बंद करण्याबद्दलच मार पडलेला. “अहो, पाणी वाया जातं” म्हणत एक आजोबा रात्री साडेअकराला उठून, केवळ सामाजिक जाणिवेपोटी, आपल्या मजल्यावरच्या कॉमन बेसिनचा नळ घट्ट आवळून आले. सकाळी त्या मजल्यावर पाणी नव्हतं. मी आणि भैजी हेअर ड्रायर घेऊन भिंतीतल्या पाइपला तासभर ऊब देत बसलो. आजोबा मागून येऊन म्हणाले, “पाइपलासुद्धा ड्रायर! चंगळ आहे.”

गॅसचं सिलिंडर थंडीत आळसावतं, त्याला कोमट पाण्यात उभं करावं लागतं. बाळंतिणीसारखं शेकावं लागतं, मग ज्योत धरते. पाणी तिथं साधारण 91 अंशांनाच उकळतं; म्हणजे उकळ्या फुटतात, खळखळाट होतो, पण आत शिजत काही नाही. अशी बरीच माणसंही माझ्या पाहण्यात आहेत. कुकरशिवाय डाळ म्हणजे दिवसभराचं काम. हे न कळल्यामुळे एका मावशींनी “मी करते वरणभात, तुम्हाला जमत नाही” म्हणत पातेल्यात डाळ चढवली. जेवण संध्याकाळी साडेसहाला झालं. त्याला आम्ही हाय टी म्हटलं.

जेवणानंच मला तिथं घर मिळालं, हेही सांगायला हवं. पहिल्या दिवशी दीदींनी ‘गहत की दाल’ वाढली. घास घेतला आणि ओळख पटली: कुळीथ! मंडुव्याची रोटी निघाली नाचणीची भाकरी. झंगोरा तर आपल्या भगरीचा सख्खा भाऊ. सतराशे किलोमीटर आणि अडीच हजार मीटर पार करून मी आजीच्या ताटाशीच येऊन बसलो होतो. या झंगोऱ्यानं एकदा मोठी अब्रू राखली. संकष्टीचा उपास असलेल्या एका काकूंना मी भगर म्हणून तोच वाढायचं कबूल केलं. पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली होती, पण पंचांगवाल्यांनी समोरचा डोंगर धरलेला नव्हता. वेळ झाली, चंद्र नाही. काकू गॅलरीत, हातात निरांजन, अंगावर दोन स्वेटर, वर शाल, वर भाड्याचा कोट. मी शेजारी झंगोऱ्याचं पातेलं धरून उभा. अर्ध्यापाऊण तासानं शिखरामागून चंद्र एकदम वर आला आणि सगळी रांग निळी पांढरी उजळली. काकू ओवाळायच्या थांबल्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्या बिल्डिंगच्या टाकीमागून येतो तो हाच का रे?”

मोकळ्या वेळात मी स्कीइंग शिकायचं ठरवलं. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. मी फुकटात, ओळखीवर, तुकड्या तुकड्यांत शिकलो आणि तसाच पडलो. सावलीतल्या पट्ट्यावर सराव चालायचा. पहिला तास बूट घालण्यात जातो. तो बूट नसतोच, पावलाला घातलेलं प्लास्टर असतं. घोटा हलत नाही, चालताना माणूस जिना उतरणाऱ्या कपाटासारखा दिसतो. दुसऱ्या तासात पडायला शिकवतात. मी खूश झालो, हे मला उपजत येत होतं. तिसऱ्यात उठायला शिकवतात, आणि हे मला अजून येत नाही. पायाला लावलेल्या दोन लांब पट्ट्या एकमेकींवर चढतात, काठ्या कुठेतरी जातात आणि आपण पंचांगात न सांगितलेल्या आसनात आकाश बघत पडतो.

थांबण्याची युक्ती सोपी आहे: पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब न्यायची. सर खालून ओरडायचे, “वी बनाओ! वी!” मी वी केला. पण पुढून उघडा. डावा पाय तिबेटकडे निघाला, उजवा ऋषिकेशकडे, आणि मी देशाच्या एकात्मतेसाठी मधल्या मध्ये बसलो. तेवढ्यात वरून सात-आठ वर्षांचा एक मुलगा सुळ्ळकन आला, हात खिशात, माझ्याभोवती एक वळण घेऊन थांबला आणि अत्यंत आदरानं म्हणाला, “अंकल, उठाऊँ?” तो सुनीलचा होता. सुनील हे खाली उतरणीवरच्या गावाचं नाव आहे. हे कळेपर्यंत पहिले पंधरा दिवस मी ‘सुनील में रुकना’, ‘सुनील में पानी नहीं है’, ‘सुनील के ऊपर से रोपवे जाता है’ अशी वाक्यं ऐकून या गृहस्थाच्या सहनशक्तीनं थक्क झालो होतो. भैजींचं घरही सुनीलमध्येच.

आणि रोज रात्री साडेआठला बाबांचा फोन. आमच्या घरात फोन म्हणजे काम. ख्यालीखुशाली विचारायची पद्धत नाही. पण या माणसानं त्या हिवाळ्यात एक दिवस चुकवला नाही. जेवलास का नाही, बरा आहेस का नाही, थेट प्रश्न:

“पडला का?”

“नाही.”

“बरं.” फोन बंद.

मला भरून यायचं. बापाचं काळीज, दुसरं काय. पोरगं परमुलखात, बर्फासाठी लोकांच्या शिव्या खातंय, म्हणून हा माणूस तिकडे रोज देव पाण्यात घालून बसलाय. मी दीदींनाही सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, अर्थात कांदा चिरत होत्या.

जानेवारी संपत आला आणि एका दुपारी भैजींनी पश्चिमेकडे पाहून नाक ओढलं. हवामान खात्यानं पश्चिमी चक्रावाताचा इशारा दिलाच होता. हे पाहुणे भूमध्य समुद्राकडून निघतात, इराण-अफगाणिस्तान करत येतात आणि हिमालयाला धडकून ओझं उतरवतात. छत्तीस जणांच्या दुसऱ्या ग्रुपनं रस्ता बंद होईल या भीतीनं त्याच दुपारी हॉटेल सोडलं. जाताना एक काका म्हणालेच, “चार दिवसांत चिमूटभर नाही दाखवलात.” संध्याकाळी सहाला पहिला कण माझ्या बाहीवर पडला.

पाऊस वाजत येतो. बर्फ येताना उलट असलेले आवाजही घेऊन जातो. कुत्री, जनरेटर, खालच्या गाड्या, सगळं हळूहळू दूर गेलं. सकाळी दार उघडलं तर दारात दुसरं पांढरं दार. दीड फूट. हॉटेलात पाहुणे शून्य, बर्फ अमाप. मी आयुष्यातला पहिला स्नोमॅन करायला धावलो, पण ताजा कोरडा बर्फ रव्यासारखा. तूप नसल्यावर लाडू वळावा तसा हातातून सुटत होता. भैजींनी माझ्या हातात फावडं दिलं. “भुला, खेल बाद में. पहले छत.” छतावर साचून राहिला तर त्याच्या ओझ्यानं पत्रा वाकतो. त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत मी बर्फाला जे काही स्पर्श केले ते मुख्यतः फावड्यानं.

रात्री फोन वाजला तेव्हा मी वाटच बघत होतो.

“पडला का?”

“पडला बाबा! दीड फूट!”

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाबा फोन तोंडापासून बाजूला न धरताच ओरडले, “आलं रे! परवापर्यंत पाला गोळा करा! मोटारीचा फ्यूज बघा!” आणि मला म्हणाले, “बरं.” फोन बंद.

दुसऱ्या दिवशी आईकडून उलगडा झाला. तो चक्रावात तुमच्याकडे बर्फ टाकून पुढे सरकला, की बहुतेक वेळा मागून उत्तरेचं वारं सुटतं आणि दोन-तीन दिवसांत आपल्या बागेत गारठा उतरतो. बाबांनी डिसेंबरातच हे हेरलं होतं. आमच्या गल्लीतले सगळे केळीवाले रात्री साडेआठला ओट्यावर जमत आणि माझ्या फोनवरून शेकोट्यांचा बेत ठरे. गावात माझं नाव वेधशाळा पडलं होतं. म्हणजे मी इथे ज्याच्यासाठी नवस बोलत होतो, ते पडू नये म्हणून माझे वडील तिथे नवस बोलत होते, आणि दोन्ही नवस एकाच मारुतीला.

मार्चमध्ये मी परतलो. बाग वाचली होती. पहिल्या रात्री सवयीनं नळ थेंब थेंब चालू ठेवून झोपलो. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं. पहाटे आईनं मला ज्या शब्दांत उठवलं, ते ऐकून त्या आजोबांच्या आत्म्याला शांती मिळाली असेल. ते हयात असले तरी.

2023 च्या जानेवारीत टीव्हीवर जोशीमठ दिसलं. घरांना तडे, दारांवर लाल फुल्या, रोपवे बंद. सुनील हे नाव बातम्यांत ऐकलं आणि या वेळी तो माणूस वाटला नाही, तरी तसंच काहीसं वाटलं. भैजींना फोन केला. ते म्हणाले, घर उभं आहे. भिंतीत हात जाईल एवढी फट आहे, पण उभं आहे. मग विचारलं, “तुम्हारे केले कैसे हैं?”

त्याच वर्षी जूनमध्ये एका रात्री साडेआठला त्यांचा फोन आला. मी खुशाली सांगायला तोंड उघडलं.

“भुला, बारिश पहुँची?”

आमच्याकडे आला की सहसा काही दिवसांत पाऊस त्यांच्या डोंगरावर पोचतो, आणि त्याआधी त्या फटीत माती भरून वर ताडपत्री टाकायची असते. मी अंगणात जाऊन वर बघितलं. हात पुढे केला.

“शुरू हो गई, भैजी.”

“ठीक है,” ते म्हणाले. फोन बंद.

मला राग आला नाही. मी वेधशाळेच्या घरात वाढलोय. असा फोन ठेवणाऱ्या माणसाला त्या रात्री काम असतं.